सेक्युलर सोसायटी आणि शहागंजच्या वकीलबाई

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रिया विधिमंडळावर चालत गेल्या. तोंडी तलाक बंद करा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची मुभा काढून घ्या, सगळ्यांना एकच कौटुंबिक कायदा लावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना घेऊन निघालेला माणूस चिपळूणजवळच्या मिरजोळीचा, तेहतीस वर्षांचा, कथा-कादंबरी लिहिणारा पत्रकार होता: हमीद दलवाई. पुढे १९६८ मध्ये प्रा. अ. भि. शहा यांनी इंडियन सेक्युलर सोसायटी काढली आणि तिच्या उभारणीत दलवाई होते. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू झालं. पहिली संघटना देशभरच्या सुशिक्षितांशी, तीही मुख्यतः इंग्रजीतून बोलणारी. दुसरी एका समाजाच्या घराघरात शिरू पाहणारी. आपल्याकडे दलवाईंचं नाव निघतं, शहांचं फारसं निघत नाही, आणि दोघांनी मिळून काय उभं करायचं ठरवलं होतं हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गणिताचे प्राध्यापक तो विचारतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. या इतिहासावर दर महिन्याला बसून बोलणारं एक लहान अभ्यासमंडळ काढावं, आणि ते औरंगाबादच्या सिडकोत किंवा विद्यापीठात नको, शहागंजातच हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. जागाही त्यांनी हेरली: घड्याळ टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर असलेलं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं वकिलीचं ऑफिस. बाई कौटुंबिक न्यायालयात काम करतात, पाच वेळची नमाज पढतात, आणि सरांशी वाद घालण्याची संधी सोडत नाहीत. त्या दिवशी मी तिथे होतो म्हणून हा संवाद लिहू शकतो.

“सर, ऑफिस तुमचंच आहे. पण सभासदांत माझं नाव लिहू नका,” बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

“का? दलवाईंचं काम पटत नाही?”

“काम पटतं. सात बायका घेऊन निघालेला माणूस मला कळतो. इंग्रजीत ‘द सेक्युलरिस्ट’ काढून मुसलमानांनी कसं वागावं ते सांगणारी सोसायटी मला कळत नाही. तो अंक या गल्लीत कधी आला असेल का?”

“नसेल आला,” सर म्हणाले. “पण संघटना कशाला लागते ते आधी ऐक. खाली चौकात गांधीजींचा पुतळा आहे ना? ते लंडनला शिकत होते तेव्हा, १८९१ मध्ये, एका पक्क्या नास्तिकाच्या अंत्यविधीला गेले होते. चार्ल्स ब्रॅडलॉ. त्याने १८६६ मध्ये इंग्लंडात नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. १८८० ला नॉर्थम्प्टनमधून निवडून आला, पण देवाच्या नावाने शपथ घेण्यावरून त्याला सभागृहात बसू देईनात. पुन्हा निवडणूक, पुन्हा नकार, कोर्टकचेऱ्या, असं करत १८८६ ला तो बसला. आणि १८८९ ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला, कारण पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू तोच मांडायचा. एकटा माणूस बाणेदार उत्तर देऊ शकतो. सहा वर्षं टिकायचं तर पाठीशी वर्गणी गोळा करणारी, सभा भरवणारी, अंक विकणारी साधी माणसं लागतात. ती सोसायटी म्हणजे ही माणसं.”

“ब्रॅडलॉची गोष्ट मला आवडली. पण तो स्वतःच्या देशातल्या सगळ्यात मोठ्या धर्माशी, सरकारच्या चर्चशी भांडत होता. त्याच्या भाषणामुळे एखाद्या गरीब वस्तीवर दगड पडणार नव्हते. दलवाईंची वाक्यं आज कोण वापरतं बघा. ज्यांना मुसलमान बाईच्या पोटगीशी काडीचं देणंघेणं नाही, ते. मे २०१८ मध्ये याच रस्त्यावर दुकानं जळाली, शहरात दोघांचे जीव गेले. त्यानंतर इथे उभं राहून मी माझ्या समाजातले दोष मोजायला लागले, तर ऐकणारा आधी विचारतो, तू कुणाच्या बाजूने बोलतेस?”

हा आक्षेप खोटा नाही, आणि सरांनीही तो खोडून काढला नाही. त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. शहा जन्माने गुजराती जैन. १९६६ च्या नोव्हेंबरात गोहत्याबंदीसाठी दिल्लीत संसदेवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. पुढच्याच वर्षी शहांनी गोवधबंदीच्या प्रश्नावर पुस्तक संपादित केलं. त्या वातावरणात हिंदूंच्या सगळ्यात नाजूक जागेला हात घालणाऱ्याला एकाच धर्माचा टीकाकार कसं म्हणायचं? दलवाईंनीही हिंदुत्ववाद्यांना कधी मोकळं सोडलं नाही. सोसायटी काढण्याचं कारणच ते होतं, सर म्हणाले. दलवाई एकटे बोलले असते तर ते मुसलमानांवर टीका करणारे मुसलमान एवढेच उरले असते. शेजारी हिंदू धर्माची तशीच चिकित्सा करणारे लोक बसलेले असले की टीकेला मोल येतं.

“आणि अमेरिकेचा पैसा?” बाईंनी विचारलं. “शहा ज्या काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमचं काम पाहत होते, तिच्यामागे सीआयएचा पैसा होता हे त्याच सुमारास उघड झालं. माझ्या वडिलांच्या पिढीने शहांविषयी तेवढंच लक्षात ठेवलं.”

“उघड झालं, आणि त्याने नुकसान झालं. ते मी झाकणार नाही. पण त्या सात जणींना घराबाहेर काढणारा पैसा जगात कुठेच नव्हता. नवऱ्याने तीन शब्दांत बाहेर काढलेल्या बायका होत्या त्यांच्यात.”

शहागंजात हा वाद होणं मला रास्त वाटतं. देव न मानणाऱ्यांच्या आपल्याकडच्या संघटना मुंबई, पुणे, मद्रासकडे वाढल्या. १९३० च्या दशकात मुंबईत बुद्धिवाद्यांचं मंडळ होतं. त्यांच्या ‘रीझन’ मासिकावर धर्मभावना दुखावल्याचा खटला झाला आणि संपादक डॉ. डी’अव्हॉइन १९३४ मध्ये निर्दोष सुटले. १९४९ मध्ये मद्रासला इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशन उभी राहिली तेव्हा अध्यक्षपदी आपले रँग्लर परांजपे होते, दापोलीजवळच्या मुर्डीचे. मराठवाडा तोवर निजामाच्या राज्यातून नुकताच सुटला होता. इथे बुद्धिवाद आला तो नांदेडहून नरहर कुरुंदकरांच्या व्याख्यानांतून आणि नागसेनवनात बाबासाहेबांनी उघडलेल्या मिलिंद महाविद्यालयातून. शहागंजच्या मशिदीसमोर, भाजीच्या, चपलांच्या, अत्तराच्या गाड्यांमध्ये, या संघटनांपैकी कुणाचीच पाटी लागली नाही. सरांना ती उणीव सलते, आणि तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो.

तेवढ्यात एक अशील आली. पंचविशीची मुलगी, बरोबर आई. मुलीने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला निकाहनामा काढला. घडीवर कागद फाटत आलेला, काजीचा शिक्का निळा, फिकट. सरांना उर्दू येतं. त्यांच्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं होतं आणि त्यांनी मुलाला घरी शिकवलं होतं. बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी चष्मा वर करून मेहरचा रकाना वाचला: सातशे शहाऐंशी रुपये. साक्षीदार दोन, वकील म्हणून मुलीचे मामा, मुलीची सही उर्दूत नाही, मराठीत, शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरांत. नवऱ्याने तलाक दिलेला नाही. दीड वर्षापूर्वी माहेरी आणून सोडलं आणि फोन बंद केला.

आई-मुलगी तारीख घेऊन गेल्यावर बाई म्हणाल्या, “२०१९ च्या कायद्याने एका दमात तीन तलाक म्हणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आता म्हणतच नाहीत. नांदवतही नाहीत, सोडतही नाहीत. हिच्यासाठी मी पोटगीचा अर्ज लावणार, तोच जुन्या कलम १२५ चा, नव्या संहितेत १४४. सर, हिला देव आहे की नाही यावरचं व्याख्यान नको आहे. हिला महिना पाच हजार हवेत.”

“मान्य. पण पोटगीचं हे कलम तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही लागतं, असं सुप्रीम कोर्टाने १९८५ ला शाहबानोच्या खटल्यात म्हटलं, आणि सरकारने १९८६ ला कायदा करून त्यातली हवा काढली. तेव्हा निकालाच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरलं होतं?”

“सत्यशोधक मंडळ.”

“आणि त्यांना दगड खावे लागले. तुझ्या कुराणातून सुधारणा सांगणाऱ्यांपैकी किती जण त्या दिवशी शेजारी उभे होते?”

“थोडे,” बाई म्हणाल्या. “असगर अली इंजिनिअर होते. ते स्वतः श्रद्धाळू होते, विसरू नका. आणि माझं म्हणणं पुढच्या सोळा वर्षांनी खरं ठरलं, इथेच, आपल्या खंडपीठात. २००२ चं पूर्ण पीठ आठवतं? नवरा पोटगी चुकवायला कोर्टातल्या लेखी जबाबात ‘मी तलाक दिला आहे’ एवढं लिहायचा आणि काम भागायचं. औरंगाबाद खंडपीठाने सांगितलं, असं चालणार नाही. कारण दाखवा, दोन्हीकडचे मध्यस्थ बसवून समेटाचा प्रयत्न केल्याचं दाखवा, मग तलाक. आणि हे कशाच्या आधारावर? कुराणाच्या. दोन्ही घरांतून एकेक पंच नेमा, असं सूरह निसात सांगितलेलं आहे. तो निकाल हातात घेऊन मी आजही उभी राहते, आणि समोरच्या नवऱ्याच्या तोंडून ‘हे आमच्या मजहबविरुद्ध आहे’ असं येऊ शकत नाही. तुमच्या सोसायटीचा ठराव घेऊन उभी राहिले तर पहिल्या मिनिटाला येईल.”

सर गप्प बसले नाहीत. “कोर्टाला कुराण उघडावंसं वाटलं, ते प्रश्न चव्हाट्यावर आला म्हणून. १९६६ च्या आधी मौलवींना कुणी विचारलं होतं का, पंचांची आयत कुठे गेली? पुस्तकात ती तेव्हाही होती की. दलवाईंनी धर्माच्या बाहेर उभं राहून ‘हे अन्यायाचं आहे’ म्हटलं, मग आतल्यांना आत शोधावं लागलं.”

इथे मला माझं मत सांगायलाच हवं. हा वाद दोघांपैकी एकाच्या बाजूने सुटला नाही, आणि त्याचा पुरावा २२ ऑगस्ट २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. पाच न्यायमूर्ती, तीन विरुद्ध दोन. तोंडी तिहेरी तलाक रद्द करणाऱ्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी राज्यघटनेच्या चौदाव्या कलमावर बोट ठेवलं: ही प्रथा मनमानी आहे म्हणून टिकत नाही. तिसरे न्या. कुरियन जोसेफ त्या वाटेने गेले नाहीत. जे कुराणाला मान्य नाही ते शरीयतमध्ये असू शकत नाही, असं त्यांनी म्हटलं. नुसत्या घटनेच्या आधारावर मतं दोनच पडत होती. नुसत्या कुराणाच्या आधारावर एकच. सरांची वाट आणि बाईंची वाट त्या निकालपत्रात एकत्र आल्या तेव्हा बहुमत झालं. दोघांनाही मी हे म्हणालो. दोघांनीही मान हलवली आणि दोघांनीही मला वाटलं त्याहून वेगळाच अर्थ काढला: सर म्हणाले, म्हणजे दोन मतं आमची, बाई म्हणाल्या, म्हणजे निर्णायक मत आमचं.

सत्यशोधक मंडळाच्या कामाकडे पाहिलं तरी तेच दिसतं. सय्यदभाईंसारखा माणूस संस्थापकांत होता, बहिणीच्या तलाकाने पेटलेला, पुण्यातल्या साध्या वस्तीत वाढलेला. मंडळाने तलाकपीडित बायकांना सल्ला दिला, नवऱ्याकडे जाऊन बोलणी केली, वकील मिळवून दिले. १९७१ च्या डिसेंबरात पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. हे करताना दाराशी येणाऱ्या बाईला ‘तू अल्लाला मानतेस का’ असं कुणी विचारलं नाही. दलवाई स्वतः निधर्मी होते. ३ मे १९७७ ला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले, आणि त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांचं दफन न करता कुठल्याही विधीविना दहन झालं. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाबाईंनी पुढे कितीतरी वर्षं काम चालवलं. माझ्या समजुतीने सोसायटीपेक्षा मंडळ जास्त खोल गेलं ते याच कारणाने: मंडळाने श्रद्धेची परीक्षा घेतली नाही, अन्यायाची नोंद घेतली. पण मंडळाला एवढं धाडस करता आलं ते मागे शहांसारखा कुठल्याच धर्माचा नसलेला आणि कुणालाच न घाबरणारा माणूस होता म्हणून, हेही मी तितक्याच खात्रीने म्हणतो.

सरांना दलवाईंपासून दाभोलकरांपर्यंत यायला वेळ लागला नाही. सर १९८९ पासून दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात आहेत. समितीने देवा-धर्माला सरसकट विरोध कधी केला नाही. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध आणि धर्माची विधायक चिकित्सा, अशी तिची भूमिका. “म्हणजे तू म्हणतेस तेच आम्ही करत होतो,” सर म्हणाले. “वारकरी, कीर्तनकार, सगळ्यांशी बोलत होतो. तरीही २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या पुलावर डॉक्टरांना गोळ्या घातल्या. चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, ज्यासाठी ते अठरा वर्षं झगडले. त्या खुनासाठी २०२४ च्या मे महिन्यात ज्या दोघांना जन्मठेप झाली ते आपल्या जिल्ह्यातले. मी या शहरात चाळीस वर्षं शिकवलं. ही मुलं माझ्या वर्गात नव्हती, पण असू शकली असती.”

बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. थोड्या वेळाने सरच म्हणाले, “म्हणून मला अभ्यासमंडळ इथे हवं आहे. आणि म्हणून तुला एक विचारायचं आहे. तुझ्या आतल्या सुधारणेत, जो मानतच नाही त्याला जागा आहे का? २०१७ च्या मार्चमध्ये कोइमतूरला फारूक नावाच्या नास्तिकाला मारलं. त्याचा गुन्हा एवढाच की तो मानत नव्हता आणि तसं बोलत होता. आता केरळातल्या एका बाईने सुप्रीम कोर्टात अर्ज केला आहे: मी मुसलमान घरात जन्मले पण इस्लाम मानत नाही, मला वारसाहक्काला शरीयत नको, इंडियन सक्सेशन ॲक्ट लावा. बापाच्या इस्टेटीत भावाच्या निम्मा हिस्सा तिला नको आहे. ती इथे या ऑफिसात आली तर?”

“तर तिचा वकालतनामा मी घेईन.” बाईंना विचार करावा लागला नाही. “आणि कोर्टात सांगेन की धर्मात जबरदस्ती नाही, हे सूरह बकरात आहे. ज्याला मानायचं नाही त्याला माझा कायदा लावणं हीच जबरदस्ती आहे. तुम्ही तिच्यासाठी कलम पंचवीस दाखवाल. मी दोन्ही दाखवीन.”

“तुझ्या मोहल्ल्यात चालेल?”

“नाही चालणार. अशील चार कमी होतील. तरी घेईन. आता माझी पाळी, सर. कर्नाटकात हिजाब घातला म्हणून मुलींना कॉलेजच्या दारातून परत पाठवलं. हायकोर्टाने २०२२ च्या मार्चमध्ये बंदी कायम केली, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टात एकाला एक अशी मतं पडली. त्या मुलींपैकी एक तुमच्या अभ्यासमंडळात आली, हिजाब घालून, आणि म्हणाली, मला परीक्षेला बसायचं आहे, मदत करा. तुमची सेक्युलर माणसं काय करतील?”

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्यात यावर दोन तट पडतील. काही जण म्हणतील, हिजाब हे गुलामीचं चिन्ह, त्याची बाजू कशी घ्यायची. मी त्यांच्याशी भांडेन. मुलगी शाळेत राहिली तर हिजाब घालायचा की काढायचा हे एक दिवस ती स्वतः ठरवेल. दारातून परत पाठवली तर तो निर्णय भाऊ आणि नवरा घेतील. पण बेटा, त्याच मंडळात हिजाबवर टीका करण्याचा माझा हक्क मी सोडणार नाही, ती समोर बसलेली असली तरी.”

“मग ती उत्तर देईल. तिला बोलू द्या म्हणजे झालं.”

“देईन.”

“पहिल्या बैठकीला विषय काय ठेवताय?”

“इंडियन सेक्युलर सोसायटीचा इतिहास, असं ठरवलं होतं.”

“वारसाहक्क ठेवा,” बाई म्हणाल्या. “हिंदू मुलींना बापाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, तोही या शहरात किती जणी सोडपत्रावर सही करून भावाला देऊन टाकतात ते मी रोज पाहते. शरीयतच्या निम्म्या हिश्शाचं आणि सोडपत्राचं, दोन्हींचं बोलू. रविवारी चार वाजता. खालच्या गाड्यावाल्यांच्या बायकांना मी बोलावते, तुम्ही तुमच्या सिडकोतल्या विद्यार्थिनींना सांगा. बोलणं मराठीत आणि उर्दूत.”

सरांनी वहीत विषय खोडून नवा लिहिला. सभासदांच्या यादीत बाईंचं नाव मात्र त्यांनी त्या दिवशी घातलं नाही, आणि बाईंनीही घाला म्हटलं नाही.